आठ नंबरचा खांब

वरळी सी-फेसच्या कठड्यावर बसून सी-लिंककडे पाहिलं, की तारांच्या अलीकडे दोन पोलादी कमानी दिसतात. संध्याकाळी फिरायला येणारी मंडळी त्यांच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात. शोभेसाठी उभारल्यात, असा बहुतेकांचा समज. पण नीट पाहा. रस्ता आपला खांबांवरून सरळ चाललाय, मध्येच दोन धनुष्यं, आणि पुढे पुन्हा खांब. पूल डिझाइन करणाऱ्याला हे खटकतं. चालू पुलाचा प्रकार मध्येच बदललेला दिसला की त्यामागे काहीतरी घडलेलं असतं. इथे घडलं ते एका खांबावरून, आणि तो खांब शेवटी बांधलाच गेला नाही.

पुलांच्या डिझाइनमध्ये माझी तीसेक वर्षं गेली. या कामाशी माझा काही संबंध नव्हता. आता स्थापत्यच्या मुलांना शिकवतो आणि दरवर्षी हेच प्रकरण त्यांच्यापुढे ठेवतो. पुलाचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, कोण ठरवतं, हा प्रश्न पुस्तकात ज्या पानावर असतो ते पान मुलं परीक्षेपुरतं वाचतात. इथे तो प्रश्न समुद्रात उभा आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. मरीन ड्राइव्हच्या प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वरळीपर्यंतचा किनारी रस्ता १०.५८ किलोमीटरचा. महापालिकेने काम सुरू केलं ते ऑक्टोबर २०१८ मध्ये. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरी रद्द केली, डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. रस्त्याचं वरळीकडचं टोक वांद्रे-वरळी सी-लिंकला जोडायचं होतं. हा जोड म्हणजे समुद्रातले पूल, आणि त्यांच्या खांबांमधलं अंतर ठरलं होतं ६० मीटर.

कागदावर ६० मीटर हा फार शहाणा आकडा आहे. त्या अंतराला काँक्रीटची तुळई साडेतीन मीटरच्या आत बसते, एकाच साच्याची तुळई पुन्हा पुन्हा करता येते, आणि खांबाखाली एकच जाड पाइल, म्हणजे तळाखाली खोल उतरवलेला खांब, घेऊन भागतं. या प्रकल्पात तसा एकल स्तंभाचा पायाच वापरला आहे. एरवी चार-सहा पाइल्सचा घोळका आणि त्यावर काँक्रीटची टोपी असते. तिच्याऐवजी एकच भला थोरला पाइल समुद्रतळात उतरतो आणि तोच वर खांब होतो. पाण्याला अडथळा कमी, समुद्रात करायचं काम कमी. मला विचारलं असतं तर मीही ६० वरच सही केली असती. हे आधीच कबूल करून ठेवतो, नाहीतर पुढचं सगळं निकाल लागल्यावर सुचलेलं शहाणपण वाटेल.

वरळी कोळीवाड्याच्या होड्या क्लीव्हलँड बंदरातून निघतात आणि खोल समुद्रात जाताना त्यांना या जोडपुलांखालूनच वाट आहे. कोळ्यांचं म्हणणं होतं की ६० मीटर पुरत नाहीत. त्यांनी आधी २०० मीटर मागितले, नंतर १६० वर आले. महापालिका गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मतावर बोट ठेवून ६० पुरेसे आहेत असं सांगत होती. २०२१ च्या शेवटी शेवटी कोळ्यांनी समुद्रात होड्या नेऊन काम थांबवलं.

वर्गात इथे थांबून मी विचारतो: कोण बरोबर? मुलं लगेच गणित मांडतात. होडी चार मीटर रुंद, मोकळी जागा पन्नासाहून जास्त, म्हणजे शेजारी शेजारी दहा होड्या जातील. मग कोळी का भांडतायत? नुकसानभरपाईसाठी, असंही एखादा दबक्या आवाजात म्हणून टाकतो.

गणित चुकीचं नाही, प्रश्न चुकीचा आहे. होडीला पट्टे आखलेला रस्ता नसतो. पहिली गोष्ट, ६० मीटर हे खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. त्यातून खांबाची जाडी आणि धक्क्यापासून वाचवायला लावलेलं संरक्षण वजा करा. दुसरी गोष्ट, खांब उभे राहिले की पाण्याला जायला जागा कमी होते, म्हणून तेच पाणी खांबांमधून वेगाने जातं आणि खांबामागे भोवरे धरतं. गाळ्यातलं पाणी खांब नसतानाच्या पाण्यासारखं राहत नाही. तिसरी गोष्ट मी आकड्यांत सांगतो, कारण मुलांना तीच भाषा कळते. समजा, होडी ६० मीटरच्या गाळ्याच्या बरोबर मधून चालली आहे आणि इंजिन बंद पडलं. वारा आणि लाट तिला आडवी ढकलतायत, सेकंदाला एक मीटर. पावसाळ्यात हा वेग काही अतिरेकी नाही. खांबाला लागायला किती वेळ? कुठल्याही बाजूला गेली तरी मध्ये २६-२८ मीटर, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आत. तेवढ्यात नाखव्याने इंजिन चालू करायचं, नाहीतर नांगर टाकायचा. गाळा १२० मीटरचा असला तर त्याला जवळजवळ एक मिनिट मिळतं. थंड पडलेलं डिझेल इंजिन हाताने फिरवून चालू करायला जो कधी झटलाय, त्याला या अर्ध्या मिनिटाची किंमत सांगावी लागत नाही.

थोडक्यात, ६० मीटरमधून होडी जाते का, याचं उत्तर हो. बिघडलेली होडी, उधाणात, अंधारात, समोरून दुसरी होडी येत असताना वाचते का, याचं उत्तर तितकं सोपं नाही. पुलावरच्या वाहनांसाठी आम्ही नेहमी वाईटात वाईट प्रसंग धरतो: सगळे पट्टे ट्रकांनी भरलेत, वर वारा, त्यात भूकंप. तोच नियम पुलाखालच्या वाहनाला लावायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली: १२० मीटर. ७ आणि ९ या खांबांमधला ८ नंबरचा खांब आराखड्यातून काढायचा.

आता हा १२० आला कुठून, ते बघा. कोळ्यांनी मागितलेला आकडा हा नव्हे आणि महापालिकेचाही नव्हे. तो ६० ची दुप्पट आहे, एवढंच. खांबांची रांग ६०-६० वर बसलेली असेल तर एक खांब वगळून १२० मिळतात आणि दोन वगळून १८०. १६० देण्यासाठी रांगच हलवावी लागली असती. म्हणजे होडीला किती जागा हवी हे शेवटी खांबांच्या रांगेने ठरवलं. हे माझं आराखड्यावरून केलेलं अनुमान आहे, पण चालू कामात केलेल्या जवळपास प्रत्येक बदलात मी हेच पाहिलंय: मधला मार्ग म्हणून जो निघतो, तो बहुतेक वेळा आधीच्या चौकटीत बसणारा पहिला आकडा असतो.

खांब पुसायला रबर पुरतं. त्याने मागे ठेवलेलं काम मात्र पुसता येत नाही. गाळा दुप्पट झाला की तुळईला वाकवणारा जोर, ज्याला आम्ही बेंडिंग मोमेंट म्हणतो, चौपट होतो. तुळई तीच ठेवली तर मधला झोल सोळापट. तुळई तीच ठेवता येत नाहीच, आणि जाड केली की तिचं स्वतःचं वजन वाढून जोर आणखी वाढतो. काँक्रीटची साधी टेकवलेली तुळई घ्यायची तर गाळ्याच्या साधारण अठराव्या हिश्शाएवढी खोल लागते. १२० मीटरला साडेसहा मीटरहून जास्त. म्हणजे आधीपेक्षा तीनेक मीटर जास्त. ही खोली खाली वाढवली तर होडीच्या डोक्यावरची जागा जाते. ज्यांच्यासाठी खांब काढला त्यांच्याच डोक्यावर तुळई आणून ठेवायची, असा तो न्याय होईल. वर वाढवली तर रस्ता तीन मीटर उचलावा लागतो. पण रस्त्याचं एक टोक सी-लिंकला बांधलेलं. सी-लिंक २००९ पासून तिथे उभा आहे, तो काही आपल्यासाठी वर सरकणार नाही.

मुलं इथे पर्याय सुचवू लागतात. कुणी खांबापाशी जाड आणि मध्ये बारीक अशी काँक्रीटची तुळई काढतो. एरवी १२० मीटरला ती छान शोभते, पण तिला दोन्ही बाजूंच्या शेजारच्या गाळ्यांशी सलग जोडून तोल राखावा लागतो आणि खांबांवर वाकवणारा जोर येतो. इथले शेजारचे गाळे तर आधीच ठरून गेलेले. कुणी सी-लिंककडे बोट दाखवून तारांचा पूल म्हणतो. सी-लिंकचा वरळीकडचा मुख्य गाळा १५० मीटरचाच आहे, तेव्हा कल्पना चुकीची नाही. मात्र एवढ्याशा गाळ्यासाठी मनोरे उभारायचे, त्यांना नवे पाये द्यायचे आणि तारा मागे ओढून बांधायला जागा शोधायची, हे फार होतं. राहिला तो मार्ग म्हणजे भार रस्त्याच्या वरून टांगायचा. रस्ता पातळ ठेवायचा आणि ताकद वर, कमानीत. जाणाऱ्या आणि येणाऱ्या बाजूला एकेक.

आता साधी कमान इथे का चालत नाही? पतंगाची कामटी आठवा. ती वाकवून टोकं सोडून दिली की ताडकन उघडते. दगडी कमानीच्या पुलाला म्हणूनच दोन्ही बाजूंना भक्कम बांधकाम लागतं, टोकं फाकू नयेत यासाठी. इथे आपण हिशेब करून पाहू. पहिल्या कमानीचं वजन सुमारे २००० टन आणि लांबी १३६ मीटर, म्हणजे मीटरला साधारण १५ टन. कमान १२० मीटरच्या गाळ्यात २४ मीटर उंच आहे असं धरलं, तर टोकं बाहेर ढकलणारा जोर सुमारे ११०० टन येतो. हा फक्त पोलादाच्या स्वतःच्या वजनाचा. वरचा स्लॅब आणि गाड्या यायच्याच आहेत. समुद्रातल्या एकुलत्या एका पाइलच्या माथ्याला एवढा आडवा रेटा दिला तर तो वाकेल.

उपाय कामटीचाच. दोन टोकं दोऱ्याने बांधा. दोरा ताण घेतो, कामटी दाब घेते, आणि हातात धरणाऱ्याला फक्त वजन जाणवतं. बो-स्ट्रिंग म्हणजे हेच. मराठीत धनुष्य आणि प्रत्यंचा. रस्त्याच्या पातळीवरचा पोलादी दांडा प्रत्यंचेचं काम करतो, त्याच्यावर रस्ता, आणि वरच्या कमानीतून उतरलेले हँगर तो रस्ता तोलून धरतात. ७ आणि ९ च्या खांबांना रेटा कळतच नाही. त्यांना कळतं ते वजन, आणि ते मात्र वाढतं: ८ नंबरच्या वाट्याचा भार आता या दोघांत निम्मा निम्मा वाटला जातो. पोलाद काँक्रीटपेक्षा बरंच हलकं पडतं, हे इथे कामी येतं.

आणि मग माझा आवडता भाग.

कमानींचे सुटे भाग हरियाणात अंबाल्याला तयार झाले, ट्रेलरवरून न्हावा बंदराच्या यार्डात आले, तिथे जोडले गेले. अख्खी कमान बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू तराफ्यावर, चढवून समुद्रातून वरळीला आणली. ७ आणि ९ च्या मध्ये अशी महाकाय वस्तू ठेवायची कशी? तेवढी उचलणारी क्रेन उथळ, खडकाळ पाण्यात आणणं महाकर्मकठीण. म्हणून उचललंच नाही. भरती चढलेली असताना बार्ज खांबांच्या मधल्या जागेत सरकवला. कमान त्या वेळी खांबांवरच्या टेकूंपेक्षा उंच. मग ओहोटीबरोबर बार्ज खाली गेला, आणि कमान खांबांवर टेकली. टोकांना मेटिंग युनिट नावाची शंकूसारखी रचना असते. शंकू खाचेत घुसत जातो तशी कमान आपोआप जागेवर येते.

पहिली कमान बसली २६ एप्रिल २०२४ च्या पहाटे, अंधारात, दोन ते चारच्या दरम्यान. दुसरी, १४३ मीटर लांब आणि सुमारे २५०० टनांची, १५ मे रोजी सकाळी सहाच्या सुमारास. बातम्यांत या वेळा वाचल्या तेव्हा मी कॅलेंडरवरच्या तिथी काढून पाहिल्या. किनारपट्टीवरचा जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. २६ एप्रिलची पहाट चैत्र वद्य द्वितीयेची. दोनाची पाऊणपट दीड. दीडला पूर्ण भरती, पुढे ओहोटी. १५ मे म्हणजे वैशाख शुद्ध अष्टमीच्या आसपास. आठाची पाऊणपट सहा. पाण्याच्या तक्त्यावर संगणक लावून जी वेळ काढली असेल, ती कोळीवाड्यातली एखादी आजी बोटांवर मोजून सांगेल.

त्यात आणखी एक गंमत आहे. द्वितीया म्हणजे पौर्णिमा नुकतीच उलटलेली, उधाणाचं पाणी. अष्टमी म्हणजे भांगाचं पाणी. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतलं अंतर चार मीटर आणि वर जातं. भांगाला ते दीड-दोन मीटरच असतं. दर्यावर्दींच्या बाराव्या भागाच्या नियमाने पाणी पहिल्या तासात एकूण अंतराच्या बाराव्या हिश्शाने उतरतं, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्यात तीन. चार मीटरच्या उधाणात पहिल्या दोन तासांत पाणी एक मीटर खाली जातं. पावणेदोन मीटरच्या भांगात जेमतेम ४४ सेंटिमीटर.

हे का महत्त्वाचं? कमान टेकली म्हणजे सुटली असं नसतं. समजा, बार्ज ८० बाय ३० मीटरचा आहे. त्याला एक सेंटिमीटर बुडवायला सुमारे २५ टन वजन लागतं. त्याच हिशेबाने, २००० टनांची कमान अंगावरून उतरेल तसा तो ८० सेंटिमीटर वर यायला बघतो. म्हणजे कमान खांबाला शिवल्यापासून तिचं पूर्ण वजन खांबांवर जाईपर्यंत पाणी आणखी ८० सेंटिमीटर उतरायला हवं, नाहीतर बार्जच्या टाक्यांत तेवढं पाणी भरायला हवं. आणि भार अर्धा खांबावर, अर्धा बार्जवर अशा अवस्थेत एक मोठी लाट आली तर? म्हणून उधाण वेळ वाचवतं, पण त्या पाण्याला ओढ असते आणि बार्ज धरून ठेवणं जिकिरीचं. भांगाचं पाणी शांत, पण ते तुमचं काम करत नाही. पंप लावून टाक्या भरत बसावं लागतं. जड कमान शांत पाण्यात बसवली गेली, हे मला शहाणपणाचं वाटतं. मुद्दाम की योगायोगाने, मुलांनी वाद घालावा.

पुढचं भराभर. १२ सप्टेंबर २०२४ ला जोडरस्त्याची एक बाजू सुरू झाली, दुसरी जानेवारी २०२५ च्या अखेरीस. आता गाडी कमानीखालून दहा सेकंदांत जाते.

माझं मत विचाराल तर निर्णय योग्य झाला आणि फार उशिरा झाला. चार वर्षं काम चालल्यानंतर पुलाचा प्रकार बदलणं हे सगळ्यात महागडं डिझाइन. तोच प्रश्न आखणीच्या वेळी क्लीव्हलँड बंदरावर जाऊन विचारला असता तर खांबांची रांगच वेगळी लागली असती, कदाचित १५० च्या एका गाळ्याने. प्रकल्पामुळे कोळ्यांचं नुकसान किती झालं हे मोजायला टाटा समाजविज्ञान संस्थेला नेमलं होतं. होडीच्या वाटेचा तसा अभ्यास आराखड्याच्या आधी व्हायला हवा, नुकसानीचा नंतर. आमच्या धंद्यात मातीची तपासणी केल्याशिवाय पाया काढला तर लोक हसतात. पाण्यावर वापर कुणाचा आहे याची तपासणी न करता गाळा काढला तर कुणी हसत नाही.

कोळ्यांची बाजू मांडली म्हणून १२० ने सगळं मिटलं असंही नाही. रात्री खांब दिसायला दिवे लागतात, आणि ते चालू ठेवावे लागतात. पोलादाला खाऱ्या हवेचं वावडं. सर्वात कडक श्रेणीतला रंग दिला तरी तो ठरावीक वर्षांनी पुन्हा द्यायचाच असतो. या कमानीत प्रत्यंचेचा दांडा हा असा एक भाग आहे की तो गेला की बाकी काही उरत नाही, म्हणून त्याचे सांधे हाताच्या अंतरावरून तपासावे लागतात, म्हणजे होड्यांच्या वाटेवर मचाण टांगून. हँगर एकेक करून बदलता येतात, पण बदलताना त्या बाजूची वाहतूक आवरावी लागते.

यंदाच्या तुकडीला प्रश्न थोडा बदलून दिला आहे: कोळ्यांची पहिली मागणी, २०० मीटर, मान्य झाली असती तर ६० च्या रांगेतले कोणते खांब जातील आणि त्यावर काय बांधाल? परवा एकाने उत्तर आणलं. तीन खांब काढून २४० चा तारांचा पूल, सुबक रेखाटलेला. खाली होडी काढली होती, पण तिला माप नव्हतं. म्हटलं, आधी बंदरावर जा, होडी मोजून आण. गेला तेव्हा ओहोटी होती, होड्या चिखलात बसलेल्या. पायाने चालत जाऊन टेप लावून आला.